मॅडमच्या गालांचा रंग

आमच्या मॅडमसमोर फळाचं नाव काढायची सोय नव्हती.

गर्भाशयातली गाठ केवढी आहे हे सांगायची वेळ आली की आम्ही डॉक्टर मंडळी फळबाजारात शिरतो. लिंबाएवढी, संत्र्याएवढी, नारळाएवढी, आणि अगदीच हाताबाहेर गेलेली असली तर कलिंगडाएवढी. सगळे असंच बोलतात, मीही बोलायचे. मॅडमच्या दवाखान्यात ते चालत नसे. एकदा त्यांच्याकडे नव्यानंच येऊ लागलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी पेशंटला सांगितलं, "मोसंबीएवढी आहे, घाबरू नका." मॅडमनी त्या डॉक्टरीणबाईंना दंडाला धरून बाहेर नेलं.

"ती बाई उद्या बाजारात जाणार आहे. पोरांना मोसंबी सोलून देणार आहे. तिच्या हातात तुम्ही काय ठेवलंत, कळतंय का तुम्हाला?"

त्या स्वतः मूठ दाखवायच्या. एक मूठ, दीड मूठ, दोन मुठी. मूठ बाजारात मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी भूल देणारी डॉक्टर. आम्ही लोक कुठल्याच दवाखान्याचे नसतो. स्कूटरवर पायापाशी बॅग ठेवायची, सकाळी शाहूपुरीत एक ऑपरेशन, दुपारी राजारामपुरीत दुसरं. पेशंट आमचा चेहरा बघतो तो झोपायच्या आधी दोन मिनिटं, आणि जागा झाल्यावर विसरून जातो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मॅडमच्या बारा खाटांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं गेले. खाली दवाखाना, वरच्या दोन खोल्यांत मॅडम एकट्या. लग्न केलेलं नव्हतं. एका पेशंटनं एकदा टेबलावर पडल्या पडल्या विचारलं होतं, "मॅडम, तुमास्नी पोरं किती?" तर म्हणाल्या, "तुला धरून सांगू का?" ती बाई हसता हसताच झोपली. मला औषध कमी लागलं.

माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "काय झोपवणाऱ्या, झोपली का तुमची?" एवढंच. थिएटरमध्ये भरपूर बोलायच्या आणि दार उघडून बाहेर पडल्या की गप्प. त्यामुळे आमचं सगळं बोलणं तोंडावर मास्क असताना झालेलं. त्यांचे डोळे मला पाठ होते. नाक कसं आहे असं कुणी विचारलं असतं, तर कितीतरी वर्षं मी अडखळले असते.

त्या गेल्या तेव्हा हीच गोष्ट अंगावर आली. दवाखाना बंद करून त्या आजऱ्याला चुलतभावाकडे राहायला गेल्या होत्या. तिथंच गेल्या वर्षी झोपेत गेल्या. आमच्या डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी आली आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. एक हात मीही टाकला. कुणीतरी फोटो मागितला. शोधाशोध करून सापडला तो थिएटरमधला, मास्क लावलेला.

गाठींवर त्यांचा राग नव्हता, उलट एक प्रकारची उत्सुकता होती. "साधा स्नायूचा गोळा आहे हा," त्या म्हणायच्या. "कॅन्सर नाही, काही नाही. पण कुठल्या दारानं येईल याचा नेम नाही." आणि खरंच, इतर ठिकाणी पोट दुखतं, अंगावरून जातं म्हणून बायका येत. मॅडमकडे यायच्या त्या दुसऱ्याच दारांनी आलेल्या. हातकणंगल्याकडची एक बाई होती. तिची लघवी अधूनमधून अचानक अडायची, थेंबही होत नसे. तीनदा नळी घालून सोडवलेली. मुतखड्याची औषधं झाली, मग बाईच्या डोक्यातच काही तरी आहे असंही ठरलं. मॅडमनी कागद बघितलेच नाहीत. फक्त विचारलं, "अडते ती कुठल्या दिवसांत?" बाई म्हणाली, "पाळी यायच्या आदी दोन दिस." झालं. गर्भाशयाच्या मागं बसलेली गाठ त्या दोन दिवसांत फुगायची आणि लघवीची वाट दाबून धरायची. चार वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

मलकापूरच्या बाईची तऱ्हा वेगळी. तिच्या जांघेत फुगवटा आलेला. सगळ्यांनी हर्निया ठरवलेला, नवऱ्यानं पट्टा आणून दिलेला, ऑपरेशनची तारीखही दुसरीकडे ठरलेली. मॅडमनी बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "खोक." बाई खोकली. "अजून खोक." बाई पुन्हा खोकली. "ही हलत नाही. खोकल्यावर हलत नाही तो कसला हर्निया?" गर्भाशयाला धरून ठेवणारी एक दोरी असते, ती जांघेपर्यंत उतरते. त्या दोरीवर तीच स्नायूची गाठ उगवलेली. जांघेतून छोटा छेद घेऊन मॅडमनी ती अखंड सोडवली. मीच भूल दिली होती.

पण खरा गोंधळ पुढं झाला. आपल्याकडे रीत अशी की ऑपरेशन झालं की काढलेली गाठ ट्रेमध्ये घालून बाहेर नातेवाइकांना दाखवायची. ती बघितल्याशिवाय आत काही झालं असं कुणाला वाटत नाही. मॅडमची रीत निराळी. गाठ जिच्या पोटात होती तिनं ती आधी बघायची, मग बाकीच्यांनी. तोवर ट्रे झाकून आतच.

मलकापूरचा नवरा दारात उभा राहिला. गडी धिप्पाड, आवाज त्याहून मोठा. "ओ मॅडम, काडली म्हंतायसा, मग दावा की!"

"दाखवणार. ती जागी झाली की तीच दाखवेल तुम्हाला."

"आवो, नवरा हाय मी तिचा!"

"व्हय की. पण गाठ तुमची न्हाय." रागावल्या की मॅडम त्यांच्या मूळ बोलीवर यायच्या.

तो दोन तास व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी त्याला आत बोलावलं तेव्हा बायको उशीला टेकून बसली होती आणि ट्रे तिच्या मांडीवर होता. तिनं कापड बाजूला केलं आणि म्हणाली, "ह्ये बगा. ह्येच्यावर पट्टा आणलासा तुमी." नवरा एवढासा झाला. मॅडम कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी मास्क खाली ओढला होता आणि त्या हसत होत्या. त्यांचं हसणं मी असं एक-दोनदाच पाहिलं असेल.

मॅडमचा चेहरा फिकट होता, जरा पिवळटच. त्यांना भेटणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारायचा, "बरं न्हाय काय?" शाळेत असल्यापासून हेच ऐकत आलेय, असं त्या सांगायच्या. बघायला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा जाताना हळूच हेच विचारलं होतं म्हणे. तब्येत ठणठणीत होती, आजारी म्हणून एक दिवस दवाखाना बंद ठेवलेला मला आठवत नाही. चेहराच तसा होता, त्याला कोण काय करणार?

संध्याकाळची ओपीडी संपली की त्या गंगावेशीत जायच्या. तिथं कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून गरम दूध पेल्यात देतात. कोल्हापुरात पैलवानापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे तिथं उभे राहून दूध पितात, पण जोडीनं, घोळक्यानं. मॅडम एकट्या. मी घरी जाताना कधी कधी बघायचे. पेला दोन्ही हातांत धरून, रस्त्याकडे पाठ करून उभ्या. मी स्कूटर थांबवली नाही कधी. थिएटरबाहेर काय बोलायचं, हे मला कळायचं नाही. त्यांनाही कळत नसावं.

साठी उलटल्यावर त्या चेहऱ्याला रंग चढला. आधी गाल गुलाबी झाले, मग चांगले लाल. दूधवाल्या मामांनी श्रेय लगेच आपल्याकडे घेतलं. "मॅडम, गाल कसलं लाल झाल्यात! आमच्या म्हशीचा गुण हाय ह्यो!" ही गोष्ट मॅडमनी मला टाके घालता घालता स्वतः सांगितली, तीही दोनदा. वॉर्डातल्या बायका म्हणू लागल्या, मॅडम वय कमी झाल्यागत दिसताय. औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली, कुठली क्रीम लावता? आणि मॅडमनी काय केलं असेल? आकाशी रंगाच्या दोन साड्या घेतल्या. बावीस वर्षांत मी त्यांना करड्या आणि बदामी रंगाशिवाय दुसऱ्या कशात पाहिलं नव्हतं.

याच सुमाराला दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं नवीन मशीन आलं. लॅब बघणारे काका जुन्या वळणाचे. ते म्हणाले, आधी एखाद्या धडधाकट माणसाचं रक्त घालून बघू. मॅडमनी हात पुढं केला. मशीननं हिमोग्लोबिन दाखवलं एकोणीस. काका हसायलाच लागले. आमच्याकडे येणाऱ्या बायकांचं सात, आठ, फार झालं तर दहा. एकोणीस आकडा त्या लॅबनं कुठल्या बाईच्या नावावर पाहिलाच नव्हता. सगळ्यांचं एकमतानं ठरलं, मशीन बिघडलंय. खोक्यात भरून कंपनीकडे परत पाठवलं. कंपनीनं तपासून, काही दोष नाही असा कागद लावून पाठवून दिलं. मॅडमनी पुन्हा हात दिला. पुन्हा एकोणीस, वर एक दशांश जास्तच. काका म्हणाले, "कंपनीबी तसलीच." दुसऱ्यांदा खोकं बांधायची तयारी झाली.

मी त्या दिवशी हात धुवायच्या बेसिनपाशी त्यांच्या शेजारी उभी होते. नळाखाली त्यांचे तळवे दिसले. लालभडक. रोज सकाळी बायकांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून आत रक्त किती कमी आहे ते बघणं हे माझं काम आणि हे तळवे मी महिनोन् महिने बघत होते. माझ्या डोक्यात काहीच आलं नव्हतं. कमी असलेलं शोधायची सवय लागली की जास्तीचं दिसत नाही.

"मॅडम, मशीन बरोबर आहे," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे रक्त तुमचंच जास्त आहे. डोकं दुखतं का?"

त्यांनी नळ बंद केला. डोकं दुखत होतं, चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून बाम चोळत होत्या. पोट वाढलं होतं, वय झालं म्हणून सोडून दिलेलं. दुसऱ्या दिवशी मी जवळजवळ ओढतच त्यांना सोनोग्राफीला नेलं. तपासणारे डॉक्टर पडद्याकडे बघत "मॅडम, ही तर चांगली" एवढं म्हणाले आणि मॅडम झोपूनच ओरडल्या, "फळ नको!"

तीन मुठींची गाठ, नाभीपर्यंत आलेली. पाळी बंद होऊन दहा वर्षं झालेल्या बाईत अशा गाठी आक्रसतात, ही वाढली होती. आणि क्वचितच एखादी गाठ करते तेच तिनं केलं होतं. रक्त वाढवणारं द्रव्य ती स्वतःच बनवत होती. इतर बायकांना या गाठी पांढऱ्याफटक करून सोडतात, मॅडमना तिनं लाल केलं. आयुष्यभर भलभलत्या दारांनी आलेल्या गाठी ओळखणाऱ्या बाईच्या घरात ती पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत शिरली होती.

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात काढून टाकू. मॅडम म्हणाल्या, दिवाळीनंतर बघू. दिवाळीला अडीच महिने होते. रक्त इतकं दाट झालेलं असताना कधीही गुठळी होऊ शकते, पायात, फुप्फुसात, मेंदूत. हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. तरी सांगितलं. कपडे बदलायच्या खोलीत, दार लावून, आवाज चढवून सांगितलं. मॅडमवर मी आवाज चढवण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

त्या बाकावर बसून पायातल्या चपलांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला आवडायला लागलं होतं हो."

मला आधी कळलंच नाही.

"लोक बोलतात ते. बरं दिसतंय म्हणतात. असं कुणी म्हटलं नव्हतं मला." पायानं चप्पल सारखी करत, "शंका मला चार महिन्यांपूर्वीच आली होती. पोटावर हात ठेवला की कळतं ना. मी हात ठेवायचंच बंद केलं."

मी चिडले होते. चिडलेला माणूस बोलतो तसं बोलले, "मॅडम, हा रंग तुमचा नाही. गाठीचा आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "चेहरा तर माझाच होता ना?"

मी तारीख ठरवली आणि निघाले.

ऑपरेशन त्यांच्याच दवाखान्यात झालं. सांगलीहून त्यांच्या हाताखाली शिकलेली एक जुनी विद्यार्थिनी आली, सुरी तिची, भूल माझी. आधी दोन वेळा बाटलीभर रक्त काढून टाकायचं होतं, ते पातळ व्हावं म्हणून. मॅडम संतापल्या. "तीन नंबरच्या खाटेवर सात हिमोग्लोबिनवाली बाई पडलीय आणि माझं मोरीत ओतता?" नियम तसा आहे म्हटल्यावर तोंड फिरवून पडून राहिल्या. संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते. चुलतभाऊ येतो म्हणाला होता, आला नाही. तीस वर्षं तिथं फरशी पुसणाऱ्या मावशी पुढं झाल्या. सिस्टरनं विचारलं, नातं काय लिहू? मावशी म्हणाल्या, "लिवा, भैन. आनि मी बसतो हितं भाईर, कोन तरी पायजे."

टेबलावर घेतलं तेव्हा मॅडमचा मास्क नव्हता. मी त्यांच्या डोक्याशी उभी होते. इतक्या जवळून तो चेहरा मी पहिल्यांदा बघत होते. नाक सरळ होतं, जरा लांबट. उजव्या भुवईत एक जुना व्रण होता. लहानपणी पडल्या असतील, मी कधी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "झोपवा, झोपवणाऱ्या. आणि उठवायला विसरू नका."

गाठ नीट निघाली. विद्यार्थिनीनं सवयीनं ट्रे उचलला आणि दार उघडलं. बाहेर मावशी एकट्या बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात आडवे केले. "मला नगं दावू बाई. आदी मॅडमास्नी." ट्रे झाकून परत आत आला.

जाग आल्यावर मॅडमनी तो बघितला. बराच वेळ बघत होत्या. आपण काढलेल्या शेकडो गाठी त्यांनी अशाच बघितल्या असतील, तरी डोळ्यांत पाणी आलं. "न्या," म्हणाल्या. पुढं तपासणीचा अहवाल आला, गाठ साधीच होती, काळजीचं काही नव्हतं.

हळूहळू रंग उतरला. गाल आधी गुलाबी, मग जसे होते तसे फिकट. आणि कोल्हापूर पुन्हा विचारू लागलं, "बरं न्हाय काय मॅडम?" आता त्या खरोखर बऱ्या झाल्या होत्या, हे कुणाकुणाला समजावणार? त्यांनी गंगावेशीत जाणं सोडलं. आकाशी साड्या मावशींना देऊन टाकल्या. मावशी त्या नेसून फरशी पुसायच्या आणि मॅडम त्यांच्याकडे बघत नसत.

रक्ताची शेवटची तपासणी दोन महिन्यांनी होती. अहवाल माझ्या फोनवर पाठवायला त्यांनी काकांना सांगितलं होतं. स्वतःला आकडा बघायचा नव्हता. तो आला तेव्हा मी दुसऱ्याच एका दवाखान्यात होते, पेशंट टेबलावर झोपलेला. सिस्टरला म्हटलं, फोन लाव आणि माझ्या कानाशी धर.

"मॅडम, साडेबारा."

"म्हणजे आली मी माणसांत."

"अगदी नॉर्मल. आता काही करायला नको."

सिस्टर फोन काढून घेणार होती. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मग आता कशी दिसते मी?"

मॉनिटरवरची नजर न काढता मी म्हणाले, "फोनवरून कसं दिसणार, मॅडम?"

सिस्टर हसली. मॅडमही हसल्या. "हो की," म्हणाल्या. "ठेवा. पेशंटकडे बघा."

मी पेशंटकडे बघितलं. त्याचं सगळं व्यवस्थित चाललं होतं. पुढं दवाखाना बंद होईपर्यंत दहा महिने आम्ही बरोबर काम केलं, आठवड्यातून तीनदा, मास्क लावून. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. उत्तर मला येत होतं. ते सांगायला जिना चढून वर त्यांच्या खोल्यांत जायचं होतं फक्त, आणि मी गेले नाही.